पांढऱ्या पेशींचे गणित

पावसाळा सरता सरता सोलापुरात तापाची साथ येते. मग होस्टेलवर कोणीतरी रिपोर्ट घेऊन माझ्या खोलीत येतोच, "डब्ल्यूबीसी २,८०० म्हणजे काय रे?"

मित्रांनो, हे साधे गणित आहे. २० मायक्रोलिटर रक्त ३८० मायक्रोलिटर टर्क द्रावणात मिसळतात, म्हणजे २० पट पातळ. द्रावणातले अ‍ॅसेटिक आम्ल तांबड्या पेशी फोडते; जेन्शियन व्हायोलेट पांढऱ्यांचे केंद्रक रंगवते. मग मायक्रोस्कोपखाली न्यूबॉअर चेंबरचे कोपऱ्यातले चार चौकोन मोजायचे. प्रत्येक १ चौरस मिमी, खोली ०.१ मिमी, एकूण ०.४ घन मिमी. म्हणून पेशी × २० ÷ ०.४, म्हणजेच × ५०. ५६ पेशी दिसल्या की झाले २,८००!

आता बहुतेक ठिकाणी मशीन मोजते. बारीक छिद्रातून पेशी गेली की विद्युतरोध वाढतो, पल्स मिळते. वॉलेस कूल्टर यांचे हे पेटंट १९५३ चे.

मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० नॉर्मल. डेंगी, टायफॉईडमध्ये आकडा बहुधा घसरतो. न्यूमोनियात, अपेंडिक्स सुजल्यावर चढतो. ल्युकेमियात लाखावरही जाऊ शकतो. पण नुसता आकडा म्हणजे निदान नव्हे. तापात मनाने अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका. डेंगी असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. गणित माझ्याकडून समजून घ्या, रिपोर्ट मात्र डॉक्टरांनाच दाखवा.