जुन्या साखळीकरवतींच्या खरेदीविषयी

बडोद्यात संग्राहकांची वाण कधीच नव्हती. सयाजीराव महाराजांनी १८९४ साली येथे संग्रहालयाची वास्तू उभी केली तेव्हापासून, किंवा कदाचित त्याच्याही आधीपासून, जुन्या वस्तू जपून ठेवण्याची आणि त्यांच्याविषयी तासन्‌तास बोलण्याची खोड या शहराच्या मराठी वस्तीला जडलेली आहे. दांडियाबाजारात गायकवाडी नाणी जमविणारे गृहस्थ भेटतात, संस्थानी ‘आज्ञापत्रिके’चे अंक बांधून ठेवणारे भेटतात, आणि घड्याळे, ग्रामोफोन व पानदाने यांचे शौकीन तर गल्लोगल्ली आहेत. माझा शौक या पंक्तीत मांडी घालून बसणारा नाही. लाकूड कापण्याच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या, अवजड आणि कर्कश अशा जुन्या साखळीकरवती मी जमवीत आलो आहे. त्यांना आमच्या घरी दिवाणखान्यात मज्जाव आहे, आणि त्यांचा वास ध्यानी घेता तो न्याय्यच म्हटला पाहिजे. परंतु अलीकडे काही तरुण मंडळी याच विषयाची पृच्छा करू लागली आहेत, आणि त्यांच्यापैकी दोघातिघांचे पैसे ज्या रीतीने बुडाले ती पाहिल्यावर चार गोष्टी लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, हे यंत्र आपल्या मुलखात मुळातच दुर्मीळ आहे. गायकवाड सरकारच्या काळात, १९१३ साली, बिलीमोरा ते वघई हा त्रेसष्ट किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग सुरू झाला तो प्रामुख्याने डांगच्या अरण्यातला साग बाहेर काढण्यासाठी. पण त्या रुळांवरून जे ओंडके उतरले ते कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढावयाच्या आऱ्याने पाडलेले होते. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने विजेवर चालणारी साखळीकरवत १९२६ साली आणि पेट्रोलवरची १९२९ साली केली, एमिल लेर्प याने १९२७ साली थुरिंगियातील डोलमार नावाच्या डोंगरावर आपले यंत्र चालवून दाखविले आणि त्या डोंगराचेच नाव यंत्राला दिले. परंतु ही सारी यंत्रे उचलण्यास दोन धट्टीकट्टी माणसे लागत, आणि जेथे मजुरी महाग तेथेच त्यांचा उपयोग होता. आपल्याकडे मजूर स्वस्त आणि पेट्रोल महाग असल्यामुळे आरा टिकला. एका माणसाला पेलतील अशी यंत्रे युद्धोत्तर काळात निघाली, १९५९ साली श्टीलचे ‘काँट्रा’ आणि हुस्कवार्नाची पहिली करवत ही दोन्ही बाजारात आली, आणि त्यानंतरच्या दशकांत त्यांच्यापैकी थोडी कॉफीचे मळे, अग्निशमन दले, नगरपालिकांची बागखाती आणि बंदरांवरच्या लाट्या, म्हणजे लाकडाच्या वखारी, अशा ठिकाणी येऊन पोहोचली. शोध घ्यावयाचा तो याच जागांच्या आसपास, कारण जुन्या वस्तूंचे म्हणून जे दुकान सजविलेले असते तेथे किफायतशीर सौदा होत नाही. तेथे दुकानदाराने वस्तूचे वय आधीच भावात धरलेले असते, आणि बहुधा ते वय दहा-वीस वर्षांनी वाढविलेले असते.

माझ्या संग्रहातील बऱ्यापैकी वस्तू लाट्यांतून आलेल्या आहेत. कंडला बंदरात परदेशी ओंडके उतरतात आणि गांधीधामच्या परिसरात ते चिरण्याच्या असंख्य गिरण्या आहेत. मोठ्या व्यासाचा ओंडका आडवा कापण्यास मोठ्या ताकदीचे यंत्र लागत असल्याने शंभर घनसेंटिमीटरांहून अधिक क्षमतेच्या जुन्या करवती तेथे कधीमधी कोपऱ्यात पडलेल्या आढळतात. अमदावादेस साबरमतीच्या काठी भरणारा रविवारचा गुजरी बाजार आणि अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यामागे रस्त्याच्या दुतर्फा लागलेली दुकाने ही दोन्ही स्थळे संग्राहकाने पाहावीत. मात्र अलंगचा माल खाऱ्या हवेतला, आणि साखळीकरवतीचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, तेव्हा तेथली वस्तू पाहताना हात आखडता ठेवावा. लाटीतल्या मुनीमाजवळ गेल्यावर ‘अँटिक’ हा शब्द उच्चारू नये, एवढी एकच युक्ती मला ठाऊक आहे. त्याच्या दृष्टीने ते बंद पडलेले यंत्र असते आणि त्याचा भाव काट्यावर ठरतो. तो तसाच ठरू द्यावा, चहा घ्यावा, इसारा न देता रोख रक्कम द्यावी आणि पावती मागावी.

आता ज्या प्रकरणामुळे हे लिहावयास घेतले त्याकडे वळतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला आलेल्या पुराने बडोद्याच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले, आणि त्यानंतरचे काही महिने भंगाराच्या बाजारात यंत्रांची अशी काही रेलचेल झाली की पंप, मोटारी, शिलाईची यंत्रे, जनित्रे सारे पूर्वी कधी नव्हते इतके स्वस्त झाले. माझ्या एका स्नेह्यांना, जे स्वतः यंत्रांची उत्तम जाण असलेले गृहस्थ आहेत, याच सुमारास एक मोठी करवत दाखविण्यात आली. रंग ताजा, साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी नवी, साखळी चकचकीत. दुकानदार म्हणाला, “साहेब, एकदम चालू हालतमां छे,” आणि दोरीच्या दुसऱ्याच हिसक्याला यंत्र खरोखरच सुरू झाले. चालू यंत्रासमोर विवेक टिकवून धरणे फार कठीण असते. स्नेह्यांनी मागितली ती रक्कम दिली, करवत घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी दहा-एक मिनिटे चालल्यावर तिने किंचाळल्यासारखा आवाज काढून जी बैठक मारली ती कायमची.

ती माझ्या टेबलावर उघडली तेव्हा सारा इतिहास समोर आला. फ्लायव्हीलच्या मागे, मॅग्नेटोच्या पोकळीत, वाळलेल्या गाळाचा पातळ थर होता. क्रँकच्या बेअरिंगांतील गोळ्यांवर गंजाचे खड्डे पडले होते. आणि मॅग्नेशियमच्या कवचाला आतून पांढरी भुकटी सुटली होती. कोणीतरी कार्ब्युरेटर धुतला होता, नवा प्लग घातला होता, वरून रंगाचा फवारा मारला होता आणि आतल्या बेअरिंगांना हात लावला नव्हता, कारण तेवढे काम करण्यास यंत्राच्या किमतीइतकी मजुरी पडते. पाण्यातून निघालेले यंत्र तत्काळ उघडून, वाळवून, तेलात ठेवले तर वाचते. आठवडाभर तसेच राहिले की आतून संपते, आणि संपल्यानंतरही एक-दोनदा सुरू होते, हाच त्यातला दगा आहे.

या प्रकारची वस्तू ओळखण्यास पेचांकडे पाहावे. जोडलेल्या यंत्रावर रंग मारला असेल तर तो पेचांच्या खाचांत भरलेला दिसतो. कारखान्यातला रंग तेथे नसतो. मग दोरीकडचे झाकण काढण्याची परवानगी मागावी. जो विक्रेता तीनचार पेच काढू देत नाही त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. झाकण निघाले की फ्लायव्हील दोन बोटांत धरून वर-खाली हलवावे. तेथे यत्किंचितही खेळ जाणवला तर बेअरिंग गेले असे समजावे. त्यानंतर सायलेन्सर उतरवून, प्लग काढून, विजेरीच्या प्रकाशात दट्ट्याची बाजू पाहावी. ती गुळगुळीत आणि बारीक यंत्ररेषांची असेल तर उत्तम. उभे ओरखडे असतील तर हे यंत्र कधीतरी तेलाविना पेट्रोलवर चालविले गेले आणि जळाले. यापैकी बहुतेक सिलिंडरांच्या आत कठीण लेप असतो, त्यामुळे स्कूटरच्या सिलिंडरासारखे ते खरवडून मोठ्या मापाचे करून घेता येत नाहीत, आणि जुन्या यंत्राचा मूळ सिलिंडर मिळविणे हा वर्षानुवर्षांचा उद्योग होऊन बसतो. पट्टी, साखळी, दोरी, प्लग, रबरी नळ्या यांपैकी काहीही तुटलेले असले तरी हरकत नाही. त्याच सबबीवर भाव उतरवून घ्यावा. सिलिंडर, कवच आणि क्रमांकाची पट्टी ही तीन मात्र अस्सल व अभंग पाहिजेत, कारण किंमत द्यावयाची ती त्यांचीच.

नकलेचा प्रश्न याहून बिकट आहे. श्टीलचे ०७० हे सुमारे १०६ घनसेंटिमीटरांचे यंत्र उष्ण कटिबंधातील लाकूडकामात इतके लोकप्रिय झाले की त्याच्या चिनी प्रतिकृती आज उघडपणे विकल्या जातात. प्रतिकृती वापरण्यास वाईट असतेच असे नाही; परंतु ती धुळीत लोळवून ‘जर्मनीची पन्नास वर्षांपूर्वीची’ म्हणून गळ्यात बांधली जाते तेव्हा ती लबाडी होते. अस्सल जुन्या यंत्रावर नाव व निर्मितिस्थान ओतीव अक्षरांत असते, नुसत्या चिकटपट्टीवर नव्हे, आणि १९९० पूर्वीच्या मालावर ‘वेस्ट जर्मनी’ असा उल्लेख आढळला तर काळाचा अंदाज बांधता येतो. साखळीवरूनही काही कळते. अमेरिकेतील ओरेगॉनच्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून डाव्या-उजव्या वळणाच्या दातांची साखळी घडविली, आणि आजच्या सर्व साखळ्या त्याच वंशातल्या आहेत. त्याआधीच्या साखळीचे दात आऱ्याच्या दातांसारखे सरळ, ओरबाडणारे. अशी सरळ दातांची गंजकी साखळी एखाद्या यंत्रासोबत दिसली तर ती फेकू देऊ नये. विक्रेता उपकार म्हणून नवी साखळी बसवून देतो आणि यंत्राइतकाच मोलाचा पुरावा कचऱ्यात जातो.

कागदपत्रांविषयी आपले लोक बेफिकीर असतात. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ५२व्या कलमान्वये वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे वनमालासह जप्त करता येतात, आणि चोरट्या तोडीत ही यंत्रे सर्रास असतात. छोटाउदेपूर किंवा डांगकडून ‘जंगलातली आहे, स्वस्तात देतो’ अशी वर्दी आली की प्रथम त्या करवतीचा पूर्वेतिहास विचारावा. चोरीचा माल जाणूनबुजून ताब्यात ठेवणे हा पूर्वी दंडविधानाच्या ४११व्या आणि आता न्यायसंहितेच्या ३१७व्या कलमाखालील गुन्हा आहे, आणि ‘मी संग्राहक आहे’ हा बचाव ठाणेदारापुढे फारसा चालत नाही. उलट सरकारी हर्रासातून घेतलेली वस्तू निष्कलंक असते. सरकारी खात्यांच्या निकामी मालाची विक्री आता पुष्कळशी एमएसटीसी या केंद्रीय कंपनीच्या मार्फत ऑनलाइन होते. तेथे माल ‘आहे तसा, आहे तेथे’ या अटीवर आणि बहुधा ढिगाने विकला जातो, म्हणून पाहणीचा जो दिवस नेमून दिलेला असतो त्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावाचून बोली लावू नये. एका करवतीसाठी दोन गाड्या मोडके फवारणी पंप घरी आलेले मी पाहिले आहेत.

परदेशी असलेल्या पुतण्या-भाच्यांमार्फत यंत्र आणविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तिकडे अशा यंत्रांचे भाव आपल्यापेक्षा उतरते असतात हे खरे. पण पेट्रोलचा वास येणारे वापरलेले इंजिन विमानाच्या सामानात स्वीकारले जात नाही, आणि विमानतळावर सोडून द्यावे लागलेले यंत्र कितीही स्वस्त असले तरी महागच.

घरी आणलेल्या करवतीचे काय करावयाचे? माझे मत असे की, ती चालू स्थितीत ठेवावी आणि तिने लाकूड मात्र कापू नये. साखळी आपोआप थांबविणारा ब्रेक १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आला; त्याआधीच्या यंत्राची पट्टी टोकाशी अडकून उसळली तर ती चेहऱ्याकडेच येते. चालवावयाचे असेल तेव्हा साखळी उतरवून, मोकळ्या हवेत, मिनिटभर चालवावे. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते आणि साठ-सत्तरच्या दशकांतील रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधले पडदे मऊ करून टाकते. टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र फळीवर चढवू नये. टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधला शेवटचा थेंब जळेपर्यंत इंजिन चालू द्यावे, आणि प्लगच्या भोकातून चमचाभर टू-स्ट्रोकचे तेल सोडून दोरी हळूच दोनदा ओढून ठेवावी. पावसाळ्यात बडोद्याची हवा दमट होते, तेव्हा कवचावर पांढरे डाग दिसतात का ते मधूनमधून पाहावे.

शेवटी एक विनंती, आणि ती संग्राहकांना नसून ज्यांच्या माळ्यावर, वखारीत किंवा कारखान्याच्या पडवीत असे एखादे यंत्र पडून आहे त्यांना आहे. ते भंगारात अवश्य द्या, त्याचे पैसे घ्या. पण देण्यापूर्वी ते घासूनपुसून रंगवू नका, आणि त्यावरची क्रमांकाची पट्टी कृपा करून काढू नका.