तापमानवाढीचा पाठ : वर्गात काय सांगावे आणि काय सांगू नये



परिसर अभ्यासाच्या निमित्ताने हवामानबदलाचा विषय आता आपल्या प्राथमिक शाळांपर्यंत येऊन पोहोचला आहे. प्रभातफेऱ्या, घोषवाक्ये, भित्तिपत्रके व निबंधस्पर्धा यांच्या द्वारे तो मुलांच्या कानांवर पुष्कळ पडतो. परंतु पाठ म्हणून तो जितक्या काळजीने घेतला जावयास हवा तितका घेतला जात नाही, असे शाळाभेटींत वारंवार दिसून येते. याचा दोष केवळ आपल्याकडे आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या पिढीच्या प्रशिक्षणात हा विषय जवळजवळ नव्हताच. त्यामुळे जो तो वर्तमानपत्रांतून जमेल तसे वेचून शिकवितो, आणि वेचताना धान्याबरोबर खडेही येतात.

सन २०२४ च्या मार्च महिन्यात माण तालुक्यातील एका शाळेत मी चौथीचा पाठ पाहत होतो. गुरुजींनी फळ्यावर तीन सुबक चित्रे काढली होती : धूर सोडणारा कारखाना, मोटारगाडी आणि चूल. ही तिन्ही पृथ्वीला तापवितात, असे त्यांनी सांगितले व मुलांकडून ते दोनदा म्हणवून घेतले. तेव्हा पुढच्या रांगेतील एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, आमची आई चुलीवर भाकरी करती. मग ऊन तिच्यामुळंच वाढलं का?" गुरुजी क्षणभर थांबले व "बस खाली" म्हणून पुढे गेले. त्यांस बोल लावण्याचा मला अधिकार नाही. कारण वर्गाच्या मागे खुर्चीवर बसलेल्या माझ्याजवळही त्या वेळी तिला देण्याजोगे उत्तर नव्हते. भेटीच्या शेऱ्यात मी 'चित्रे उत्तम' एवढेच लिहून परतलो.

त्या मुलीला द्यावयाचे उत्तर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. मात्र तेथवर जाण्यासाठी मूळ गोष्ट आधी स्वच्छ झाली पाहिजे.

पृथ्वी तापते ती कशाने? पुष्कळ शाळांत अजूनही असे शिकविले जाते की, ओझोनच्या थराला छिद्र पडले, त्यातून ऊन अधिक आत येऊ लागले, म्हणून उष्णता वाढली. मी स्वतः शिक्षक असताना कित्येक वर्षे फळ्यावर हेच छिद्र काढीत असे व त्यातून पिवळ्या खडूचे किरण खाली सोडीत असे. हे चुकीचे आहे. ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवितो. अंटार्क्टिकावर तो विरळ होत असल्याचे १९८५ साली उघडकीस आले. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल येथे करार होऊन त्यास कारण होणारी रसायने जगाने क्रमाक्रमाने बंद केली, आणि तो थर आता हळूहळू भरून येत आहे. जगातील राष्ट्रे एकत्र येऊन हवेचे दुखणे बरे करू शकतात याचे उदाहरण म्हणून ही कथा अवश्य सांगावी. पण तापमानवाढीचे कारण म्हणून सांगू नये. ऊन अधिक आत येते असे नसून, आत आलेली उष्णता बाहेर जाताना अडते, हे मर्म आहे.

हे मर्म मुलांना पटवून देण्यासाठी परदेशातील काचगृहाचे उदाहरण देण्याची रूढी आहे. ज्या मुलाने काचगृह पाहिलेच नाही त्यास ते काय समजणार? शिवाय काचेच्या बरणीत थर्मामीटर ठेवून उन्हात करावयाचा जो प्रयोग सांगितला जातो, त्यात बरणीतील हवा मुख्यतः कोंडली गेल्यामुळे तापते. कार्बन डायऑक्साइडचे कार्य त्यातून सिद्ध होत नाही. त्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातील मुलांच्या अनुभवातीलच एक गोष्ट घ्यावी. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यातील काही पहाटे दव गोठून गवतावर पांढरा थर पसरतो. तो कोणत्या रात्री पसरतो? आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, त्या रात्री. आभाळ आले की थंडी मोडते, हे तर कोणत्याही गावचे मूल सांगेल. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. वर ढग असले की ते ती उष्णता अडवून काही अंशी परत खाली पाठवितात. गोधडीला स्वतःची ऊब नसते. आपल्याच अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. ढग ही रात्रीपुरती गोधडी. हवेतील पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे काही वायू ही बारमाही गोधडी. ती मुळीच नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश राहिले असते. ती आहे म्हणून ते सुमारे १५ अंश आहे. तेव्हा गोधडी वाईट नव्हे. ती जाड होत चालली आहे हे वाईट.

ती जाड होते आहे हे आपणांस कसे कळले? येथे मोजणीचे महत्त्व मुलांच्या मनावर ठसवावे. हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्यास आरंभ केला. त्या वेळी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. कारखानदारीच्या युगापूर्वी तो सुमारे २८० होता, हे ध्रुवप्रदेशातील बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते. दहा हजारांत तीनाहून कमी होता तो चाराहून अधिक झाला, असे सांगितल्यास पाचवीच्या मुलांना अंदाज येईल. इतक्या अल्प वायूने काय होणार, अशी शंका एखादे हुशार मूल काढीलच. त्यास बादलीभर पाण्यात चिमूटभर नीळ टाकून दाखवावी.

हा वाढीव वायू आला कोठून? मुख्यतः कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू जाळण्यापासून, आणि काही अंशी जंगले तोडण्यापासून. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेला कार्बन आपण दीड-दोन शतकांत वर काढून हवेत सोडला. यास्तव पृथ्वीचे सरासरी तापमान कारखानदारीपूर्व काळाच्या मानाने एक अंशाहून अधिक वाढले आहे. २०२४ हे वर्ष मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण ठरले व त्या एका वर्षी ही वाढ दीड अंशाच्याही थोडी पलीकडे गेली. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले.

एक अंश म्हणजे काय मोठेसे, सकाळ-दुपारमध्ये पंधरा अंशांचा फरक पडतो, असे पालक म्हणतात. त्यांस तापाचे उदाहरण द्यावे. अंगाचे तापमान दोन अंशांनी चढले तर आपण मुलाला शाळेत पाठवीत नाही. शिवाय हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक वाफ मावते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो, आणि मधले खंड कोरडे जातात. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरास एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माणमधील कित्येक गावांना एवढा पाऊस उभ्या वर्षात मिळत नाही. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात दरडी कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या. ज्या शाळांतील मुलांनी ते पाहिले आहे, तेथे हा विषय हळुवार हातांनी घ्यावा. तसेच कोणत्याही एका पावसाकडे बोट दाखवून 'हा तापमानवाढीचाच' असे म्हणू नये. असे प्रसंग अधिक संभवनीय होतात, एवढेच म्हणावे.

आता त्या मुलीचा प्रश्न.

तिच्या आईच्या चुलीत जळणारे सरपण हे काल-परवाच्या झाडाचे आहे. त्या झाडाने वाढताना हवेतून जो कार्बन घेतला तोच जळताना परत जातो. तोडलेल्या जागी पुन्हा झाड वा झुडूप वाढत असेल तर हिशेब बव्हंशी जुळतो. कोळशाचे तसे नाही. तो परत जमिनीत जात नाही. म्हणून कारखाना, मोटार व चूल यांना एकाच ओळीत बसविणे हा अन्याय आहे. आणि अन्याय केवळ शास्त्राचा नव्हे. भारतात दरडोई वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आहे, आणि अमेरिकेत हाच आकडा सुमारे १४ टन आहे. आपल्या देशातही शहरातील सुखवस्तू कुटुंबाचा वाटा व माणमधील कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा सारखा नाही. ज्या घरी मोटार नाही, एकच दिवा जळतो, त्या घरच्या मुलीने आपल्या आईला अपराधी समजत घरी जावे, असा पाठ आपण घेता कामा नये.

तिला असे सांगावे : "नाही बाळ, तुझ्या आईमुळे नाही. पण चुलीचा धूर तुझ्या आईच्या छातीत जातो, म्हणून चूल सुधारली पाहिजे." धुराने होणारे फुप्फुसांचे व डोळ्यांचे विकार हेच चूल बदलण्याचे पहिले कारण होय. गॅसची शेगडी मिळाल्यास उत्तम. तोही खनिज वायू असला तरी आईचे आरोग्य आधी. ज्यांच्या गोठ्यात दोन-तीन जनावरे आहेत त्यांनी गोबरगॅस केल्यास दोन्ही गोष्टी साधतात, कारण शेणातून सुटणारा मिथेन हाही गोधडीतील एक जोरकस धागा आहे. तो जाळून स्वयंपाक होतो आणि खतही मिळते.

मग आपण काहीच करावयाचे नाही काय? करावयाचे आहे, पण प्रमाण ओळखून. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली राखावी व दीड अंशाशी रोखण्याचा प्रयत्न करावा असे ठरले. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय २०२१ मध्ये जाहीर केले. याचा खरा अर्थ कोळशाची वीज व खनिज तेल यांची जागा दुसऱ्या कशाने तरी भरणे. हे 'दुसरे' दाखविण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या, आणि पाटण तालुक्यातीलच मान्याचीवाडी हे सुमारे शंभर घरांचे गाव, जे २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम झाले. सहल काढावयाची झाल्यास या तिन्हींचा विचार व्हावा. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली, तेथील लोकांना उठावे लागले, हेही वरच्या वर्गांना सांगावे. फुकट काही मिळत नाही हे मुलांना लवकर कळलेले बरे.

वृक्षारोपणाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. त्याच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप व नवे छायाचित्र, हा प्रकार आपण सर्वांनी पाहिला आहे, काहींनी केलाही आहे. झाडे सावलीसाठी, मातीसाठी, पाण्यासाठी लावावीत. ती काही कार्बनही धरून ठेवतात. पाच जगविली तर पन्नास लावल्यापेक्षा मला अधिक आनंद होईल. परंतु झाडे लावली म्हणजे कोळशाचा प्रश्न मिटला, अशी समजूत मुलांची होऊ देऊ नये. तीच गोष्ट उसाच्या पाचटाची. ते पेटविल्याने धूर होतो, मातीचा कस जातो. कुट्टी करून सरीत पसरल्यास ओल टिकते व काही कार्बन जमिनीत राहतो. कऱ्हाड भागातील मुलांनी हे घरी सांगितले तर बाप ऐकतील, कारण त्यात त्यांचाच लाभ आहे.

गणिताच्या तासाला पुढील उदाहरण घालावे. ६० वॅटचा जुना दिवा व ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ५ तास लावल्यास वर्षात विजेत किती फरक पडेल? उत्तर सुमारे ९३ युनिट येते. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका दिव्यामागे वर्षाला जवळजवळ ७० किलो. वजनाला साधारण पाऊण किलो भरणारे एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे ऐकून मुले चकित होतात व चूक काढू पाहतात. त्यांना काढू द्यावी. पेट्रोलमधील कार्बनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो, म्हणून वजन वाढते, हे उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

शेवटी एक काम. प्रत्येक शाळेने पर्जन्यमापक ठेवावा. विकतचा नसल्यास सरळ बाजूंची, सपाट बुडाची बरणी उघड्यावर, झाड व छप्पर यांपासून दूर, घट्ट बसवावी व सकाळी साडेआठ वाजता पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. थर्मामीटर असल्यास सावलीत टांगून रोज ठरावीक वेळी वाचावा. पाचवीच्या दोन मुलांकडे आठवड्याची पाळी द्यावी. सुटीच्या दिवशी नोंद झाली नाही तर रकाना रिकामा सोडावा. अंदाजाने भरू नये. हवामानशास्त्रात एखाद्या जागेचे हवामान ठरविण्यास साधारण तीस वर्षांच्या नोंदी धरतात. आज पहिलीत आलेले मूल तेव्हा छत्तिशीचे असेल. दोन-तीन वर्षांच्या वहीवरून काही सिद्ध करण्याचा मोह टाळावा. तूर्त मुलांना मोजावयास येणे, आणि 'यंदा फार ऊन आहे' या वाक्यापुढे 'किती?' असे विचारावयास येणे पुरे.

ही वही पाठकोऱ्या कागदांची नसावी. बांधणीची, जाड पुठ्ठ्याची घ्यावी व पहिल्या पानावर बरणी कोठे बसविली आहे त्याचा नकाशा काढावा. आपली बदली झाल्यास कार्यभार देताना ती दप्तराच्या यादीत नोंदवून नव्या शिक्षकांच्या हाती द्यावी व त्यांची सही घ्यावी. पुढील शाळाभेटीत मी प्रथम तीच पाहणार आहे. माणमधील त्या शाळेत मात्र आधी चौथीच्या वर्गात जाणार आहे. ती मुलगी आता पुढच्या वर्गात गेली असेल, तेथे जाईन. तिचे उत्तर द्यावयाचे राहिले आहे.