चाकांवरील घर आणि चाकांची खुर्ची

गेल्या वर्षीं वर्गांत आम्हीं एक प्रश्न घातला होता : "मोटारव्हॅनचें फिरतें घर करावयाचें झाल्यास त्यांत प्रथम काय बसवाल ?" कोणी चूल सांगितली, कोणी बिछाना. त्या दिवशीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. अपघातानंतर तो चाकांच्या खुर्चीवर असतो. तो हंसून म्हणाला, "सर, प्रथम शौचकूप. त्याच्याच काळजीनें प्रवासाच्या दिवशीं मी सकाळपासून पाणी पीत नाहीं." आम्ही निरुत्तर झालों. कारण शाळेच्या सहलींत हाच मुलगा बरोबर असतां आम्हींही त्याला कधीं विचारलें नव्हतें. त्या उत्तरापासून घेतलेला धडा येथें मांडीत आहों.

प्रथम दार. व्हॅनचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे असें धरूं. इमारतींत उतरणीचें प्रमाण सामान्यतः एकास बारा धरतात. त्या हिशेबानें उतरण ७२० सेंटिमीटर लांब हवी. म्हणजे पुष्कळ व्हॅनींहूनही लांब! फळी ३ मीटरांची केली, तर चढ एकास पांच होतो. पदार्थविज्ञानांतील उतरणीचा नियम आठवा. घर्षण सोडून दिलें, तरी खुर्चीसह १०० किलोग्रॅम भरणारा मनुष्य वर नेण्यास २० किलोग्रॅम वजनाइतका जोर लागेल. विजेची खुर्ची तर याहून फार जड. म्हणून तेथें विजेची लिफ्ट बसवितात, अथवा गाडीचा तळच खालीं घेतात.

आंत गेल्यावर खुर्ची वळली पाहिजे. तिला सुमारें १५० सेंटिमीटर व्यासाचें वर्तुळ मोकळें लागतें. दोन्ही बाजूंस कपाटें केलीं कीं तें वर्तुळ नाहींसें होतें. यास्तव बिछाना भिंतीशीं मिटणारा करावा. त्याची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी असावी, म्हणजे शरीर सरकवितां येतें, उचलावें लागत नाहीं. मेजाखालीं गुडघ्यांस जागा आणि दिव्यांचीं बटणें बसल्या हाताच्या टप्प्यांत, हेंही विसरूं नये.

गाडी चालतांना खुर्ची चार पट्ट्यांनीं तळाशीं जखडावी. दोन पुढें, दोन मागें. हे पट्टे खुर्चीसाठीं होत. मनुष्यास कमरेचा व खांद्याचा पट्टा निराळा हवा. पट्ट्यांच्या कड्या पातळ पत्र्यांत नव्हे, मजबूत सांगाड्यांत बसवाव्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम. तेव्हां ६० लिटरांची टांकी एकाच अंगास ठेवल्यास गाडीचा तोल बिघडतो. शेगडीपासून कार्बन मोनॉक्साइड वायु होऊं शकतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. म्हणून हवेस वाट ठेवावी. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें असा फेरबदल नोंदणी अधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून करूं नये.

पालकांसही आमची एक विनंती आहे. हीं सर्व मापें पुस्तकांत सांपडतात. परंतु कोणतें माप प्रथम घ्यावें, हें त्या खुर्चीवर बसणाराच सांगूं शकतो. तेव्हां सुतारास बोलावण्यापूर्वीं त्याला विचारा, आणि त्याचें उत्तर शेवटपर्यंत ऐका. यंदाच्या सहलीची आंखणी आम्हीं तशीच केली. जेथें शौचकूपाची सोय आहे तीं स्थळें आधीं नकाशावर खुणावलीं, आणि मग मार्ग ठरविला. तो जुना विद्यार्थीही आमच्याबरोबर आला होता. दुपारीं त्यानें दुसऱ्यांदां पाणी मागितलें, तेव्हां आम्हांस फार समाधान वाटलें.