हॉलमधल्या बाटल्या

आईबाबांनो, आजचं बोलणं व्यसनात अडकलेल्या घरांबद्दल नाही. एखाद्या शनिवारी मित्रांबरोबर दोन पेग घेणाऱ्या आणि सोमवारी वेळेवर कामावर हजर होणाऱ्या घरांबद्दल आहे. "आम्ही फक्त कंपनी म्हणून घेतो, सवय अशी नाही," असं तुम्ही सांगता तेव्हा माझा विश्वास बसतो. तरी काळजी वाटते, ती तुमच्या नजरेची आणि तिच्यामागोमाग जाणाऱ्या मुलांच्या नजरेची.

मानसशास्त्रात एक साधी चाचणी आहे. संगणकाच्या पडद्यावर दोन चित्रं क्षणभर शेजारी-शेजारी दिसतात, एक दारूच्या ग्लासचं, दुसरं एखाद्या साध्या वस्तूचं. ती गेली की त्यांतल्या एका जागी ठिपका उमटतो. तो दिसताच बटण दाबायचं. बऱ्यापैकी पिणाऱ्यांचं बोट ग्लासच्या जागेवरच्या ठिपक्याला किंचित लवकर हलतं, असं अनेक प्रयोगांत आढळलं आहे. त्यांची नजर आधीच तिथे गेलेली असते, आणि ती त्यांनी ठरवून नेलेली नसते. काही विद्यापीठांनी तर प्रयोगशाळेतच बार थाटले आहेत: मंद दिवे, काउंटर, मागे बाटल्यांची रांग. तशा खोलीत बसलं की पिण्याची इच्छा वाढते. कोरड्या, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत तोच माणूस तितका अस्वस्थ होत नाही.

आता आपला हॉल बघा. टीव्ही युनिटच्या काचेमागे ड्यूटी-फ्रीमधून आणलेल्या बाटल्या, शोभेला म्हणून. खिडकीत रिकाम्या बाटलीत मनीप्लांट. संध्याकाळी सामना लागतो, बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटल्याचा आवाज येतो आणि सातवीतली मुलगी कोणी न सांगता शेंगदाण्यात कांदा-लिंबू घालून ताटली आणून ठेवते. सगळे तिचं कौतुक करतात. सामना, बर्फ, चखणा आणि बाबांचं मोकळं हसणं, हे सगळं तिच्या मनात एकत्र बांधलं जातंय, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

फार लहान वयात हे सुरू होतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या संशोधकांनी २ ते ६ वर्षांच्या १२० मुलांना बाहुल्या आणि खेळण्यातलं किराणा दुकान दिलं. घरी पाहुणे यायचे आहेत, खरेदी करून ये, एवढंच सांगितलं. सुमारे ६२ टक्के मुलांनी खरेदीत दारू घेतली. ज्यांचे पालक महिन्यातून निदान एकदा घेत, त्यांच्यात हे प्रमाण बरंच जास्त होतं.

माझं मत विचाराल तर घेऊच नका. दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ते आज जमणार नसेल, तर निदान खोली बदला. बाटल्या शोकेसमधून काढा. घरात साठा ठेवू नका. समोर नसलेल्या गोष्टीकडे नजर वळत नाही. सोडा, बर्फ, फरसाण आणायला मुलांना पाठवू नका. आणि मुख्य म्हणजे ती बांधलेली मोळी सोडवा. सामना कोकम सरबतावर बघा, मसाला शेंगदाणे साध्या मंगळवारीही करा, बाबांनी ग्लास हातात नसतानाही तसंच मोकळं हसावं. सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होईल. सवय खोलीत मुरलेली असते, ती निघायला वेळ लागतो.

मुलं मोठी असतील तर त्यांच्याशी उघड बोला. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, हे त्यांना माहीत असावं; पण नुसत्या कायद्याने पंधरा वर्षांच्या मुलाचं समाधान होत नाही. त्याला ती ठिपक्याची चाचणी सांगा. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी असल्याने तीच नावं सोड्यासारख्या वस्तूंवर कशी येतात, हे सामना बघताना त्यालाच शोधू द्या. आपली नजर कोणी तरी ओढतंय हे कळलं की या वयाची मुलं चिडतात, आणि पुढे तुमच्या आधी तीच ओळखायला लागतात. मग ती तुमच्या शनिवारबद्दलही विचारतील. तेव्हा रागावू नका, खरं उत्तर द्या.