ऐंशी हजारांचं कॉलेज स्वस्त कसं?

प्रश्न: मुलाला यंदा सीईटीत ७६ पर्सेंटाइल मिळाले. कॉम्प्युटरच हवं म्हणतो. घरापासून २५ किलोमीटरवर एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथं वर्षाला ८० हजार फी. पुण्याच्या कडेला दुसरं एक आहे, तिथं दीड लाख, शिवाय खोली आणि मेसचा खर्च. भाऊबंद म्हणतात, स्वस्तातलं कॉलेज म्हणजे नुसता डिग्रीचा कागद, पुण्यालाच टाका, लागलं तर शेतावर कर्ज काढा. दोन्ही कॉलेजांत जाऊन आलो, दोन्हीकडे आपलंच चांगलं म्हणून सांगतात. आम्ही खुल्या प्रवर्गातले, उत्पन्न आठ लाखांच्या आत. स्वस्त कॉलेज खरंच वाईट असतं का? आणि ते स्वस्त कसं असतं, हेच मला कळत नाही. धाकटी मुलगी दहावीला आहे, तिच्याही वेळी हाच प्रश्न येणार.
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर: तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे. ते स्वस्त कसं असतं, हे समजलं की चांगलं की वाईट हे शोधायची वाट सापडते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी कॉलेजची फी संस्थाचालकांना मनाला येईल तशी लावता येत नाही. २०१५च्या कायद्यानुसार नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवतं. कॉलेज आपले लेखापरीक्षण झालेले हिशोब तिथं सादर करतं. त्यात पगार, प्रयोगशाळा, वीज, ग्रंथालय, दुरुस्ती असं सगळं येतं. त्या खर्चाला विद्यार्थिसंख्येने भागून, वर विकासासाठी थोडा वाटा धरून फी निघते. तेव्हा कमी फीच्या मागे कुणाचं औदार्य असेल असं सहसा समजू नका. त्या कॉलेजात दर विद्यार्थ्यामागे होणारा खर्च कमी आहे, एवढंच ती फी सांगते. आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या खर्चातला सगळ्यात मोठा भाग असतो शिक्षकांचा पगार.

म्हणून ८० हजार म्हटल्यावर विचारायचं ते असं: इथं खर्च कशावर वाचला आहे?

तो चांगल्या कारणांनीही वाचतो. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी ज्यांना इथं जागा मिळत नसे आणि ज्यांची ऐपत असे, ती मुलं कर्नाटकात देणगी भरून शिकायला जात. त्या पहिल्या लाटेत आणि नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तालुक्याच्या गावांतही कॉलेजं निघाली. त्यांतल्या काहींच्या इमारती कधीच उभ्या राहून झाल्या, जागेचं भाडं नाही, पानभर जाहिराती नाहीत, वातानुकूलित सभागृह नाही. शिक्षक आसपासचे, वीस-वीस वर्षं तिथंच टिकलेले. असं कॉलेज ८० हजारांत नीट चालू शकतं, आणि ते घराजवळ मिळालं तर मुलाचं नशीब चांगलं म्हणायचं.

वाईट कारण मात्र जास्त आढळतं. जागा रिकाम्या राहतात, उत्पन्न घटतं, पगार कमी होतात किंवा महिनोन्‌महिने रखडतात, चांगला शिक्षक निघून जातो, निकाल घसरतो आणि पुढच्या वर्षी आणखी जागा रिकाम्या राहतात. या चक्रात सापडलेल्या कॉलेजात बी.ई. होऊन वर्षभरही न झालेली पोरं पोरांना शिकवत असतात. कागदावर नावं पूर्ण असतात, त्यांतले काही जण फक्त तपासणी समिती येते तेव्हा दिसतात. उरलेल्या शिक्षकांना उन्हाळ्यात प्रवेश गोळा करायला गावोगाव पाठवतात, प्रत्येकाला इतके प्रवेश आणा म्हणून आकडा देतात. त्या शिक्षकांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पण ज्याला स्वतःच्या पगाराची शाश्वती नाही, त्याच्या हाती तुमच्या मुलाची चार वर्षं द्यायची का, याचा विचार तुम्हाला करावाच लागेल.

तेव्हा कॉलेजात पुन्हा जा, पण प्रवेशाच्या टेबलाशी बसू नका. थेट कॉम्प्युटर विभागात जा, आणि वरच्या वर्षांचे तास चालू असतील अशा दिवशी जा. तंत्रशिक्षणावर देशपातळीवर देखरेख ठेवणाऱ्या एआयसीटीईच्या नियमाने २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. ६० जागांच्या शाखेत दुसऱ्या ते चौथ्या वर्षाची मिळून १८० मुलं होतात, त्यांना नऊ शिक्षक लागतात. त्या नवांतही एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि सहा सहायक असं प्रमाण ठरलेलं आहे. कॉलेजने आपल्या शिक्षकांची यादी जाहीर करायची असते. ती घेऊन जा आणि विभागाच्या पाट्यांशी ताडून पाहा. प्रत्येकाला विचारा, तुम्ही इथं कधीपासून? पाच-सात जण पाच वर्षांहून जुने निघाले, तर ती ८० हजार फी तुम्ही बिनधास्त भरा. सगळेच दोन वर्षांच्या आतले निघाले, तर कोणत्याही मानांकनाचा बोर्ड लावलेला असो, मुलाला तिथं घालू नका.

मग तिसऱ्या वर्षाची मुलं गाठा. चहाच्या टपरीवर ती मोकळेपणी बोलतात. प्रात्यक्षिकं खरंच होतात की जर्नल एकमेकांचं बघून उतरवतात? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मुलं स्वतः करतात की शहरातून विकत आणतात? या दुसऱ्या प्रश्नावर मुलं जर हसून एकमेकांकडे बघायला लागली, तर उत्तर मिळालं असं समजा.

मानांकनांबद्दल थोडक्यात. नॅकची श्रेणी सगळ्या संस्थेला मिळते, एनबीएचं मानांकन मात्र एकेका अभ्यासक्रमाला आणि ठरावीक वर्षांपुरतं मिळतं. प्रवेशद्वारावर ‘एनबीए मान्यताप्राप्त’ लिहिलेलं असलं, तरी ती मान्यता मेकॅनिकलची असू शकते आणि तुम्ही प्रवेश कॉम्प्युटरला घेत असता. त्यातही आर्टिफिशियल इंटेलिजन्स, डेटा सायन्स अशा नावांच्या नव्या शाखांमध्ये काळजी घ्या. मागणी आहे म्हणून अनेक ठिकाणी सिव्हिल-मेकॅनिकलच्या जागा कमी करून त्या उघडल्या आहेत, पण तो विषय शिकलेले शिक्षक तितक्या वेगाने तयार झालेले नाहीत. एखाद्या साध्या कॉलेजातला जुना, भरलेला इलेक्ट्रिकलचा विभाग तिथल्याच नव्याकोऱ्या एआयच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त शिकवून जातो. मुलाला हे जरूर सांगा. त्याचा हट्ट कॉम्प्युटरच्या कामासाठी आहे की नुसत्या नावासाठी, हेही त्यालाच विचारा.

आता पैशांचं. तुम्ही ८० हजार आणि दीड लाख अशी तुलना करता, पण त्यात दोन गोष्टी सुटल्या आहेत. खुल्या प्रवर्गात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काची निम्मी रक्कम मिळते. मुख्य अट अशी, की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. विकास शुल्कावर ही सवलत नाही, म्हणून पावतीत दोन्ही आकडे वेगळे करून घ्या. समजा, ८० हजारांत ७० हजार शिकवणी शुल्क आहे. तर ३५ हजार सुटतात आणि वर्षाला ४५ हजार भरावे लागतात. पुण्याच्या दीड लाखात १ लाख ३२ हजार शिकवणी शुल्क धरलं, तर ८४ हजार भरावे लागतात. चार वर्षांत फीमधला फरक पडतो १ लाख ५६ हजारांचा.

पण पुण्यात खोली आणि मेस मिळून वर्षाला लाखभर तरी जातील. घरून जाण्या-येण्याचे वर्षाला २० हजार धरले, तर राहण्या-खाण्याचा फरक चार वर्षांत ३ लाख २० हजार होतो. एकूण फरक पावणेपाच लाखांचा, आणि त्यातला दोन तृतीयांश पैसा पुण्याच्या कॉलेजला नव्हे, पुण्याच्या घरमालकाला आणि मेसवाल्याला जाणार आहे. तो खर्च वाया जातो असं नाही. शहरात आजूबाजूला कंपन्या असतात, कार्यशाळा होतात, वरच्या वर्गातला कुणी इंटर्नशिपला लावून देतो. फक्त आपण पैसे कशाचे देतो आहोत हे नीट माहीत असू द्या. आणि वसतिगृहात राहायचंच ठरलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज विसरू नका.

आणखी एक सोय अनेकांच्या हातून निसटते. प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा शिकवणी शुल्क पूर्ण माफ असलेल्या असतात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच, जागा गुणवत्तेने मिळतात. पण पर्याय भरताना त्यांचा कोड वेगळा असतो, तो स्वतंत्र भरावा लागतो. पुण्याचं तेच कॉलेज त्या कोडने यादीत वर टाकायला काहीच खर्च नाही. फक्त पहिला पर्याय विचार करून लिहा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की धरली जाते आणि पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात.

शेतावर कर्ज मात्र काढू नका. एका साध्या खासगी कॉलेजसाठी जमीन गहाण टाकावी इतकं त्या दीड लाखाच्या कॉलेजकडे काय आहे, हे तुमच्या पत्रात तरी मला दिसलं नाही. घ्यायचंच झालं, तर बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्या. साडेसात लाखांपर्यंत त्याला सहसा तारण लागत नाही. हप्ते शिक्षणानंतर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं, हे मुलालाही माहीत असू द्या.

नोकरीचं काय? बाहेर लावलेल्या फलकावरचं ‘सर्वोच्च पॅकेज’ एका मुलाचं असतं, बाकीच्यांचं काय झालं ते त्यात नसतं. जी कॉलेजं एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेतात, त्यांना आपली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. किती मुलं वेळेत पदवीधर झाली, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्य किती, हे सगळं त्यात असतं. पुण्याच्या कॉलेजकडे तो तक्ता मागा. मध्य जर साडेतीन लाखांच्या आसपास असेल, तर त्या पगाराच्या नोकरीसाठी पुण्याला जायची गरज नव्हती असं समजायला हरकत नाही. टीसीएससारख्या कंपन्या देशपातळीवर परीक्षा घेतात, तिला कोणत्याही कॉलेजचा मुलगा बसू शकतो.

लहान गावातल्या कॉलेजची खरी उणीव नोकरीतही आहे, ती झाकून ठेवत नाही. कंपन्या तिथं येत नाहीत, मुलाला स्वतः बाहेर पडून शोधावं लागतं. आणि बरोबरीची मुलं फारशी पुढे धावत नसतील, तर आपणही तेवढंच धावतो. ही उणीव भरायची तर दुसऱ्या वर्षापासून शिस्त लागते. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत. एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते, आणि तिचे गुण कॉलेजचं नाव विचारत नाहीत. तुमचा मुलगा सांगितल्याशिवाय अभ्यासाला बसतो का? बसत असेल, तर घराजवळचं कॉलेज त्याला पुरेल. बसत नसेल, तर पुणं त्याला बसवेल या भरवशावर पावणेपाच लाख घालू नका. तिथं साठ-साठ मुलांच्या चार-चार तुकड्या असतात, मागच्या बाकावर कोण बसतं हे बघायला कुणाला वेळ नसतो.

माझं मत विचाराल, तर शिक्षकांची यादी ताडून बघा आणि ती टिकलेली निघाली तर घराजवळचं कॉलेज घ्या. ती पोकळ निघाली, तर पुण्याच्या त्या कॉलेजलाही हीच कसोटी लावा. दोन्ही नापास झाली, तर जिल्ह्यातली आणि शेजारच्या सांगली-धाराशिवकडची आणखी चार कॉलेजं याच नजरेने पालथी घाला. गेल्या वर्षी कुठल्या शाखेला किती पर्सेंटाइलवर प्रवेश थांबले, हे सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळतं.

मुलीचा हिशोब सर्वस्वी निराळा आहे. २०२४-२५पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशावर शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही खुल्या प्रवर्गातले, म्हणून तिला आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गाचा दाखला लागेल; तिचे दाखले आतापासून काढायला लागा. मग तिच्यासाठी ‘परवडणारं कॉलेज’ ही मर्यादाच राहत नाही, चांगलं कॉलेज शोधायचं, विकास शुल्क आणि राहण्याचा खर्च बघायचा, एवढंच उरतं. दहावीनंतर सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनाचाही विचार करा. डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला, तर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीचा प्रवेश मिळतो. शिवाय हाताने काम केलेल्या मुलीला पुढची तीन वर्षं सोपी जातात.

प्रश्न: एका कॉलेजचा माणूस घरी आला होता. म्हणाला, संस्थेच्या कोट्यात आजच १५ हजार भरून जागा पक्की करा, बस फुकट देऊ, मूळ कागद आमच्याकडे ठेवा. कॅपमध्ये मुलाचं नाव लागेल की नाही सांगता येत नाही. काय करावं?
— एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर: काहीही भरू नका आणि मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. संस्था स्तरावरच्या जागांवर प्रवेश घेतला की वर सांगितलेली निम्म्या फीची सवलत जाते. म्हणजे फुकटच्या बसची किंमत तुम्ही चार वर्षांत कितीतरी पटींनी मोजाल. कॉलेजला मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यावी लागतात, अडकवून ठेवता येत नाहीत. मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला, तर प्रक्रिया शुल्क म्हणून १ हजार रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाहीत. ठरलेल्या फीपेक्षा वर काही मागणं हा १९८७च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. जून-जुलैत जागा भरायला जे कॉलेज घरी येतं, त्याच्या जागा ऑगस्टमध्येही बहुधा शिल्लक असतात. आधी कॅपच्या सगळ्या फेऱ्या होऊ द्या.