पुरावांचून सुकणारा प्रदेश

नदीचा पूर म्हटला कीं वाहून गेलेलीं शेतें व पडलेलीं घरें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु पूर आला नाहीं म्हणजे ज्यांच्यावर संकट ओढवतें, असेही लोक पृथ्वीवर आहेत. त्यांची माहिती आम्ही येथें देत आहों.

कॅनडाचा नकाशा उघडून अथाबास्का सरोवर शोधा. त्याच्या पश्चिम टोंकाशीं पीस, अथाबास्का व बर्च ह्या नद्यांच्या गाळानें एक विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश बनला आहे. समुद्र तेथून फार दूर आहे. क्री, डेने व मेटी ह्या तेथील मूळच्या लोकांचा निर्वाह पिढ्यानपिढ्या ह्याच प्रदेशावर चालत आला आहे.

येथील पुष्कळशीं तळीं नदीच्या पात्राहून उंचावर आहेत. त्यांत पाणी चढावें कसें? हिंवाळ्यांत नदी गोठते. वसंतऋतूंत बर्फ फुटून त्याचे प्रचंड तुकडे एकमेकांत अडकतात व जणूं बांधच पडतो. त्यामागें पाणी फुगून कांठावरून तळ्यांत शिरतें. तळीं भरलीं म्हणजे पाणवनस्पति वाढतात, त्यांवर मस्करॅट नांवाचा घुशीसारखा जलचर प्राणी जगतो, आणि त्याच्या मांसावर व कातड्यावर तेथील कुटुंबें जगत असत.

पुढें पीस नदीच्या वरच्या अंगास, ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, विजेसाठीं बेनेट धरण बांधलें गेलें. १९६८ पासून १९७१ पर्यंत त्याचा जलाशय भरत होता. हिंवाळ्यांत विजेची गरज अधिक, म्हणून त्या काळांत पाणी सोडतात व उन्हाळ्यांत सांठवितात. त्यामुळें नदी आतां उंच पातळीवर गोठते आणि वसंतांतील लोंढा कमी पडतो. बर्फाच्या बांधाचा पूर क्वचितच येतो. १९७४ नंतर मोठा पूर आला तो एकदम १९९६ सालीं! मधल्या बावीस वर्षांत कित्येक तळीं आटलीं, त्यांच्या जागीं वाळुंजाचीं झुडपें माजलीं, मस्करॅट कमी झाले, आणि नावांच्या वाटाही बंद पडल्या. ज्या वाटेनें बाप मुलास शिकारीची विद्या शिकवी, ती वाटच उरली नाहीं.

१९७५-७६ सालीं कांहीं प्रवाहांवर बंधारे घालण्यांत आले. त्यांनीं मोठ्या सरोवरांची पातळी वाढली, परंतु उंचावरील तळीं तशींच कोरडीं राहिलीं. पुढें हवामान बदलून डोंगरांवरील बर्फही कमी झालें. सर्वच दोष धरणाचा म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. हा प्रदेश बहुतांशीं ज्या राष्ट्रीय उद्यानांत येतो, तें १९८३ पासून जागतिक वारसा गणलें जातें. तें धोक्यांत आहे असें जाहीर करावें, अशी विनंति मिकिस्यू क्री लोकांनीं २०१४ सालीं युनेस्कोकडे केली.

धरणें बांधूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. विजेचा दिवा आपणांसही हवा असतो. परंतु ओढ्याला बांध घालणारानें खालच्या शेतकऱ्यास आधीं विचारावें, हें आपल्या खेड्यांतील लहान मुलासही समजतें. मोठ्या नदीला न्याय वेगळा कां असावा? ह्याचा विचार तुम्हीं घरीं आईबापांजवळ बसून करावा.