वयात येणारी आपली विशेष मुलं : काय करावे, काय टाळावे

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत हे चित्र मी पुन्हापुन्हा पाहते. दारात कोणीही आलं की मुलगा जाऊन बिलगतो. सहाव्या वर्षी त्याचं कौतुक होतं. मिसरूड फुटल्यावर तीच माणसं अंग चोरतात. नियम आपण बदलला, त्याला मात्र सांगितला नाही.

काय करावे

- मिठी कोणाला, हे लहानपणीच ठरवा. आई, बाबा, आजी. दांडिया बाजारातल्या दुकानदारकाकांना नमस्कार, शेजारच्या बेनना 'जय श्रीकृष्ण'.
- शिश्न, योनी, स्तन ही नावं शिकवा. 'तिथे' एवढंच ठाऊक असलेल्या मुलीला, कोणी कुठे हात लावला ते सांगता येत नाही.
- चारचौघांत हात चड्डीत गेला, तर आवाज न चढवता म्हणा, "हे खोलीत, दार लावून." हस्तमैथुन वाईट नाही, जागा चुकली. खोली नसेल तर न्हाणीघर चालेल. घरात सगळ्यांनी हेच वाक्य, याच शब्दांत म्हणावं, आजी एकदा "शी!" म्हणाली की महिन्याची मेहनत वाया जाते.
- पाळी येण्याआधीच पॅड बदलण्याचा सराव करून घ्या. पॅडवर लाल रंगाचे थेंब टाकून दाखवा, म्हणजे रक्त पाहून ती घाबरणार नाही.
- नवरात्राआधी घरातच गरब्याचा फेर धरा. हातभर अंतर, टाळी, आणि समोरची "ना" म्हणाली की थांबायचं. त्याची स्वतःची "ना"सुद्धा माना. नको म्हणत असताना गाल ओढू नका.

काय टाळावे

- मारू नका. मार कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. लपवायचं तेवढं कळतं.
- 'स्वप्नदोष' म्हणू नका. त्यात दोष कसला?
- पाळीची कटकट नको म्हणून गर्भाशय काढण्याचा विचार मनात आणू नका. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा देशभर संताप उसळला. गर्भाशय काढलं की पाळी थांबते, अत्याचार थांबत नाही. फक्त गर्भ राहत नसल्याने तो उघडकीला येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, व्यक्तीच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येत नाही.
- अत्याचार झाला तर 'घरची गोष्ट' म्हणून झाकू नका. मूल 18 वर्षांखालचं असेल तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मदतीसाठी 1098 वर फोन करा.
- "लग्न करून द्या, शांत होईल" हा सल्ला ऐकू नका. सोबत त्यांनाही हवीशी वाटते, ती त्यांना समजून, त्यांच्या इच्छेने मिळावी. उपाय म्हणून लावलेल्या लग्नात दुसऱ्याच्या घरची मुलगी भरडली जाते.